कार्ट शर्यतीचा स्टार्ट: धक्का मारण्यापासून दिवे विझण्यापर्यंत

कार्टिंगमधला स्टार्ट शिकवायला बसलं की बहुतेक जण ‘दिवा विझला की पाय दाब’ इथून सुरुवात करतात. मी क्लचपासून करतो. तुमच्या कार्टला क्लच आहे की नाही, असला तर तो आपोआप धरतो की हाताने सोडावा लागतो, यावर तुमचा स्टार्ट कसा होणार हे ठरतं. दिवे, रेषा, दंड हे सगळं त्यानंतर आलं. जुनी पद्धत आणि नवी पद्धत असा फरक आपण करतो, पण तो मुळात यंत्राचा फरक आहे. एवढं डोक्यात बसलं की सराव कशाचा करायचा ते वेगळं सांगावं लागत नाही.

आधी आपली कार्ट ओळखा

१९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सने पहिली कार्ट बनवली, तेव्हा तिला गवत कापायच्या यंत्राचं टू-स्ट्रोक इंजिन लावलं होतं. पुढे कित्येक दशकं वरच्या पातळीवरच्या शर्यतींत १०० सीसीच्या डायरेक्ट ड्राइव्ह कार्टचंच राज्य होतं. डायरेक्ट ड्राइव्ह म्हणजे इंजिनच्या स्प्रॉकेटवरून (दातेरी चाकावरून) चेन सरळ मागच्या ॲक्सलवर. मध्ये क्लच नाही, न्यूट्रल नाही. चाकं थांबली की इंजिन थांबलं. ‘कार्ट’ म्हटलं की मराठी कानाला ‘कार्टं’ ऐकू येतं, आणि डायरेक्ट ड्राइव्हच्या बाबतीत ते फारसं चुकीचंही नाही. क्षणभर लक्ष हटलं की रुसून बसते.

असल्या गाड्या ग्रिडवर, म्हणजे सुटण्याच्या ठरलेल्या जागांवर, उभ्या करून सोडणार कशा? म्हणून चालत्या गाड्यांचा स्टार्ट, म्हणजे रोलिंग स्टार्ट. त्यात शोभेचा भाग काही नव्हता, दुसरा इलाजच नव्हता.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस रोटॅक्स मॅक्ससारखी १२५ सीसी इंजिनं आली. बटण दाबलं की चालू, आणि सेंट्रिफ्युगल क्लच, म्हणजे इंजिनचा वेग वाढला की आपोआप धरणारा क्लच, असल्यामुळे जागेवर उभी राहिली तरी इंजिन चालू. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवरही १०० सीसीची जागा केएफ या क्लचवाल्या, सेल्फ-स्टार्ट इंजिनांनी घेतली. आणि मग गंमत झाली. वजन, खर्च आणि कटकट वाढली म्हणून २०१६ मध्ये ओके नावाचं इंजिन आलं, तेही पुन्हा डायरेक्ट ड्राइव्ह, बिनक्लचचं, धक्क्यावर चालू होणारं. म्हणजे आजच्या सगळ्यात वरच्या वर्गातला पोरगा आजोबांच्याच पद्धतीने गाडी चालू करतो. फक्त त्याच्या इंजिनला डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह असतो. तो कॉम्प्रेशन मोकळं सोडतो, त्यामुळे धक्का हलका लागतो.

तिसरा प्रकार गियरवाल्या कार्टचा, ज्यांना केझेड म्हणतात. सहा गियर, हाताचा क्लच, पुढच्या चाकांनाही ब्रेक. या उभ्यानेच सुटतात. चौथा प्रकार भाड्याच्या ट्रॅकवरच्या फोर-स्ट्रोक किंवा इलेक्ट्रिक कार्टचा. याही उभ्याने सुटतात, पण केझेडचं तंत्र इथे काही उपयोगाचं नाही. तुमची कार्ट यातली कुठली ते बघा आणि त्या भागाकडे वळा. पण रोलिंग स्टार्टचा भाग सगळ्यांनीच वाचावा. खरं शहाणपण तिथेच आहे.

धक्का स्टार्ट

मेकॅनिक सोबत असेल तर तो मागचा बंपर धरून चाकं उचलतो, पाच-सहा पावलं धावतो आणि मागचा भाग खाली सोडतो. चाकं जमिनीला लागली की ॲक्सल फिरतो, ॲक्सल इंजिनला फिरवतो. तुमचं काम एवढंच, की रेस किंचित द्यायची, पाव पेडलपेक्षा जास्त नाही, आणि ब्रेकवरून पाय पूर्ण काढायचा. इंजिन थंड असेल तर एक हात मागे नेऊन हवेच्या डब्याचं तोंड क्षणभर झाका. हवा कमी, पेट्रोल जास्त, ठिणगी लवकर पकडते. इंजिन बोललं की हात काढा. तो तसाच राहिला तर प्लग ओला होतो आणि मग पुढची दहा मिनिटं फक्त धावणं उरतं.

एकट्याने करायचं असेल तर डाव्या बाजूला उभे राहा. इंजिन आणि तापलेला एक्झॉस्ट उजवीकडे असतो. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हाताने सीटची मागची कड. मागचा भाग उचलून धावत वेग घ्या, सोडा, इंजिन पकडलं की सीटवर उडी. हे लिहायला सोपं आहे. पहिल्यांदा करताना सरळ रस्त्यावर, आजूबाजूला कोणी नसताना करा. अर्धवट बसलेल्या चालकासकट वळलेली कार्ट कुठेही जाऊ शकते. आणि सैल लेस, लोंबणारा पट्टा असलं काही अंगावर नको. चेन शेजारीच असते.

माझी सुरुवातीच्या काळातली एक फजिती सांगतो. डायरेक्ट ड्राइव्हवर फॉर्मेशन लॅप, म्हणजे सुटण्याआधीची रांगेतली फेरी, चालू होती. शेवटच्या वळणावर पुढच्याने अचानक वेग कमी केला आणि मी घाबरून ब्रेकवर उभा राहिलो. मागची चाकं जॅम. मागची चाकं जॅम म्हणजे ॲक्सल जॅम, म्हणजे इंजिनही जॅम. एवढा आवाज एकदम बंद झाला. आख्खी रांग माझ्या बाजूने निघून गेली आणि मी हेल्मेटमधून दिवे विझताना बघत बसलो. तेव्हापासून डायरेक्ट ड्राइव्हवर मी ब्रेक दाबताना उजवा पाय थोडा रेसवर ठेवतो, म्हणजे चाकं अडकायच्या बेताला आली तरी इंजिन त्यांना फिरवत राहतं.

रोलिंग स्टार्ट, पायरीपायरीने

पोझिशन ग्रिडवरून निघाल्यापासून पहिल्या वळणातून बाहेर पडेपर्यंत हा सगळा स्टार्टच आहे. दिवे विझणं ही त्यातली फक्त एक घटना.

पहिलं काम इंजिनचा घसा मोकळा ठेवणं. टू-स्ट्रोक इंजिन कमी आरपीएमवर (मिनिटाला कमी फेऱ्यांवर) बराच वेळ चाललं की आत न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल साचतं, आणि नेमकी पूर्ण रेस देता तेव्हा ते गुदमरतं. म्हणून फॉर्मेशन लॅपच्या पहिल्या अर्ध्या भागात मधूनमधून छोटी रेस देऊन सोडा, सोबत डाव्या पायाने हलका ब्रेक. ब्रेकही तापतो, घसाही साफ होतो. डायफ्रॅमचा कार्ब्युरेटर असेल तर कमी वेगाची सुई नीट लावलेली असणं इथे फार महत्त्वाचं. सरळ रस्त्यावर सुसाट पळणारी गाडी स्टार्टला खोकते, तेव्हा दोष बहुतेक वेळा त्या सुईत असतो. नागमोडी चालवून टायर तापवायचे असतील तर तेही याच अर्ध्या भागात. रांग बांधायची वेळ आली की नागमोड बंद.

दुसरं काम आपली जागा. मागे पडलात तर लॅपमधल्या एका ठरावीक रेषेपर्यंतच आपली जागा परत घेता येते. ती रेषा कुठे आहे हे ब्रीफिंगमध्ये विचारून घ्या. रेषा ओलांडल्यावर पुढे घुसलात तर दंड.

तिसरं, वेग. वेग पोलवाला, म्हणजे सगळ्यात पुढच्या जागेवरचा चालक, ठरवतो, आणि तो कमी व एकसारखा असायला हवा. जुन्या काळी इथेच सगळी लबाडी चालायची. पोलवाला वेग वाढवायचा, कमी करायचा, मागच्यांना झुलवायचा. मागचे दोन गाड्यांचं अंतर सोडून मागे राहायचे आणि झेंडा पडायच्या बेताला पळत यायचे, म्हणजे रेषेवर त्यांचा वेग पुढच्यापेक्षा जास्त. समोर झेंडा घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्याची हालचाल वाचणारे उस्ताद होते. झेंडा उचलण्याआधी माणूस श्वास घेतो, असं ते सांगायचे.

आता त्याला चाप बसला आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे स्टार्टच्या आधी दोन रांगांसाठी ट्रॅकवर पांढऱ्या रेषांच्या दोन पट्ट्या आखलेल्या असतात आणि प्रत्येकाने आपल्या पट्टीतच राहायचं. चाक बाहेर गेलं तर ३ सेकंद, पूर्ण कार्ट बाहेर गेली तर १० सेकंद, असा दंड गेली कित्येक वर्षं आहे. स्टार्टच्या रेषेआधी २५ मीटरवर पिवळी रेषा असते. तिच्याआधी वेग वाढवायचा नाही. रांगा येत असताना लाल दिवे लागलेले असतात, ते विझले की सुटायचं. अधिकाऱ्यांना रांग पसंत पडली नाही तर नारिंगी दिवा लागतो आणि आणखी एक फॉर्मेशन लॅप होते. नारिंगी दिसला की हात वर करा, मागच्याला कळू द्या. तो कदाचित दिवा बघतच नसेल.

आता थोडा हिशेब. रांग ताशी ५० किलोमीटरने येत असेल, तर सेकंदाला साधारण १४ मीटर. पिवळ्या रेषेपासून स्टार्टच्या रेषेपर्यंतचे २५ मीटर पावणेदोन सेकंदांत संपतात. दिवा विझल्यावर माणसाचा पाय हलायला सुमारे ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात कार्ट पावणेतीन मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे जवळजवळ दीड कार्ट. पहिल्या रांगेतल्या दोघांमध्ये एकाचा पाय ०.१ सेकंद उशिरा हलला, तर त्याचं नुकसान याहून कमी दिसतं, पण वेग वाढत असल्यामुळे ते पहिल्या वळणापर्यंत फुगत जातं.

मागच्या रांगांचं गणित वेगळं आहे. प्रत्येक जण आपल्या पुढच्याला बघून सुटला, तर दर रांगेमागे ०.२ सेकंद साचतात. दहाव्या रांगेतल्याला दोन सेकंद गेले. म्हणून मागे असाल तर पुढच्या बंपरकडे बघू नका. नजर दोन-तीन रांगा पुढे टाका. मी चालकाच्या हेल्मेटकडे बघतो. रेस दिली की मान किंचित मागे झुकते, आणि ती झुकलेली आवाज पोचायच्या आधी दिसते. आवाजावर भिस्त ठेवू नका. सगळेच घसा साफ करत असतात, त्यात खरी रेस कुठली हे कळत नाही.

अंतर किती ठेवायचं? मी म्हणेन, अर्धी कार्ट. २०१५ पासून आंतरराष्ट्रीय शर्यतींत पुढचा फेअरिंग, म्हणजे कार्टच्या नाकावरचं आवरण, सैल क्लॅम्पवर बसवतात. पुढच्याला नाक लागलं की तो मागे सरकतो, आणि शर्यतीनंतर तो जागेवर नसेल तर ५ सेकंदांचा दंड. पूर्वी स्टार्टला पुढच्याला ढकलत नेणं हे रांगेतल्या मैत्रीचं लक्षण मानलं जायचं. दोघांचंही भलं व्हायचं. आता तीच मैत्री पाच सेकंदांना पडते. मला विचाराल तर हा बदल चांगलाच झाला, ढकलाढकलीत पहिल्या वळणावर फार गाड्या फुकट जायच्या. पण त्यामुळे स्टार्टला जास्त डोकं लागायला लागलं हेही खरं.

गाडीला क्लच असेल तर आणखी एक सापळा. रांग फार हळू चालली की आरपीएम क्लच धरण्याच्या खाली जातो आणि रेस देता तेव्हा क्लच आधी घसरतो, मग धरतो. तो अर्धा क्षण गेला. उपाय म्हणजे डाव्या पायाने ब्रेकला हलका स्पर्श ठेवून उजव्याने थोडी रेस चालू ठेवणं, म्हणजे क्लच धरलेलाच राहतो. शेवटच्या काही मीटरपुरतंच करा, आख्ख्या लॅपभर केलंत तर क्लच आणि ब्रेक दोन्ही जळतील. बिनक्लचच्या गाडीला हळू रांगेत इंजिनचा जोर पुरत नाही. तिथे मागच्या स्प्रॉकेटला एक-दोन दात वाढवले की गाडी खालच्या वेगात जिवंत होते, पण सरळ रस्त्याच्या टोकाला तेवढीच कमी पळते. लांब सरळ रस्त्याच्या ट्रॅकवर मी हा सौदा करत नाही.

उभ्याने सुटताना: भाड्याची कार्ट

इथे लोक उगाच डोकं चालवतात. फोर-स्ट्रोक भाड्याच्या कार्टमध्ये एवढी ताकद नसते की कोरड्या ट्रॅकवर मागची चाकं जागेवर फिरतील. म्हणून रेस हळूहळू देण्यात काही अर्थ नाही. दिवा विझला की डावा पाय उचला, उजवा पूर्ण दाबा. दोन्ही पेडल एकत्र दाबून इंजिन ताणून धरायची युक्ती इथे करू नका. बऱ्याच गाड्यांत ब्रेक दाबला की रेस तुटते, आणि जिथे तुटत नाही तिथे क्लच जळतो.

एक गोष्ट मात्र जवळजवळ सगळे चुकतात. कार्टला डिफरन्शियल नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, एकाच वेगाने फिरतात. स्टिअरिंग जरा जरी वळलेलं असेल, तरी आतलं चाक फरफटतं आणि सुटतानाच जोर खातं. म्हणून ग्रिडवर थांबताना शेवटचा एक मीटर सरळ येऊन थांबा, हात पाहिजे तर एकदा सोडून स्टिअरिंग मध्ये आलं आहे का बघा, आणि सुटल्यावर पहिले पाच-सहा मीटर सरळच जा. बाजूच्याला अडवायला लगेच वळणारा स्वतःलाच अडवतो.

इलेक्ट्रिक कार्टमध्ये पूर्ण जोर शून्यापासूनच मिळतो. तिथे धुळकट किंवा ओल्या जागेवर पाय थोडा जपून.

उभ्याने सुटताना: गियरची कार्ट

हा स्टार्ट बघायला सगळ्यात देखणा आणि करायला सगळ्यात अवघड. पहिला गियर टाकून, क्लचचा दांडा ओढून, डाव्या पायाने ब्रेकवर गाडी धरून ठेवायची. दिवे विझण्याआधी गाडी रांगली तर दंड, आणि केझेडचा क्लच फार बारीक अंतरात धरतो, म्हणून ब्रेक महत्त्वाचा. आरपीएम एका जागी स्थिर धरा. वरखाली करत राहिलात तर नेमका खाली असताना दिवा विझतो. नेहमीच.

क्लच दोन टप्प्यांत सोडा. आधी झटकन धरण्याच्या बिंदूपर्यंत, तिथे श्वासभर थांबून उरलेला. एकदम सोडलात तर एकतर इंजिन बंद, नाहीतर मागची चाकं जागेवर धूर काढतात आणि शेजारचा निघून जातो. पाठ सीटला दाबून बसा, वजन मागच्या चाकांवर जाऊ द्या. पहिला गियर फार आखूड असतो, त्यामुळे उजवा हात आधीच गियरच्या दांड्यावर हवा. दुसरा टाकताना क्लच लागत नाही, पाय क्षणभर ढिला करून दांडा ओढला की झालं.

मोटरसायकलच्या ग्रां प्रीमध्येही १९८६ पर्यंत बंद इंजिन ढकलत पळून सुटायचे, त्यानंतर क्लच स्टार्ट आला. तिथे जुनी पद्धत कायमची गेली. कार्टिंगमध्ये मात्र दोन्ही शेजारीशेजारी नांदतात, एकाच दिवशी, एकाच ट्रॅकवर.

पळत जाऊन बसणं

ल मान्सच्या शर्यतीत चालक रस्ता ओलांडून गाडीकडे पळायचे. १९६९ मध्ये जॅकी इक्स पळण्याऐवजी चालत गेला, पट्टे नीट बांधून सर्वांत शेवटी निघाला आणि शर्यत जिंकला. त्यानंतर तिथे तो स्टार्ट पुन्हा झाला नाही. कार्टला सीटबेल्टच नसतो, त्यामुळे लांब पल्ल्याच्या कार्ट शर्यतींत ही पद्धत अजून दिसते. जोडीदार चालू इंजिनची कार्ट धरून उभा, तुम्ही पळत येता. एक्झॉस्ट नसलेल्या बाजूने या, आधी पाय सीटवर, मग सीटच्या कडांवर हात टेकून खाली सरका. स्टिअरिंगवर भार देऊन उतरू नका, ते वाकतं. तीन तासांच्या शर्यतीत इथे वाचवलेले दोन सेकंद कोणाला आठवत नाहीत, घोटा मुरगळलेला मात्र तीन तास आठवतो. चालत गेलात तरी चालेल.

पहिलं वळण

टायर थंड, सगळे एकत्र. नेहमीच्या ब्रेकच्या खुणेच्या थोडं आधीच ब्रेक करा, आणि हळू चढवत दाबा. मागच्या रांगांत तर पुढची रांग आकसत येते, तिथे तुमची नेहमीची खूण निरर्थक असते, पुढच्याचे टायर हीच खूण. बाहेरच्या रांगेत असाल तर सुटल्या सुटल्या आतल्या रांगेत पहिली फट दिसेल तिथे घुसा. बाहेरून दोन जणांना मागे टाकायचं स्वप्न बघत राहिलात तर आतले एकामागोमाग एक निघतात आणि दार बंद होतं. पोलवर असाल तर आतली बाजू धरून ठेवा, देखण्या रेषेचा मोह पहिल्या लॅपपुरता सोडा.

सराव

मित्राला बाजूला उभं करा, त्याने हात वर धरून एक ते चार सेकंदांत कधीही खाली टाकायचा. फोन जमिनीवर असा ठेवा, की त्यात हातही दिसेल आणि तुमचं मागचं चाकही. घरी आल्यावर तो व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर ०.२ सेकंद म्हणजे ६ फ्रेम. सात-आठ आल्या तरी ठीक, गाडीही हलायला वेळ घेते. दहा-बारा येत असतील तर तुमचा पाय पेडलपासून लांब लोंबतोय, टाचेची जागा पुढे घ्या. आणि तीनच्या आत आल्या तर खूश होऊ नका. धावण्याच्या स्पर्धेत गोळी झाडल्यानंतर ०.१ सेकंदाच्या आत हललेल्याला चुकीचा स्टार्ट धरतात, कारण तेवढ्यात ऐकून हलणं माणसाला जमत नाही असं मानतात. मित्राचा हात तुम्ही बघितलाच नाही. त्याला सांगा, पुढच्या वेळी चार सेकंदांऐवजी सात सेकंद धरून ठेव.